हुरड्याच्या वेबसाइटची भाषा

माझ्या सासऱ्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि तो मी एका रविवारी सकाळी दहाच्या आत संपवला.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. खर्ड्याजवळच्या रानात ते हिवाळ्यात हुरडा पार्ट्या करतात. एका वेळी तीसच माणसं. नावं फोनवर घ्यायची, वहीत लिहायची. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे सासरी सर्वज्ञ), तेव्हा बुकिंगची वेबसाइट करून देतो म्हणालो.

पहिले तीन आठवडे मी नुसती प्रोग्रॅमिंगची भाषा निवडत होतो. पायथन येत होती, पण एकदम हजारो लोक आले तर? त्यापेक्षा ‘गो’ बरी, हे मी बायकोला, स्मिताला, रोज जेवताना समजावलं. जागा तीस, मग हजारो कशाला, असं तिने एकदाच विचारलं. आबा फोनवर म्हणाले, "जावईबापू, भाषा कंचीबी घ्या, पर लोकास्नी कळंल अशी घ्या."

मी गो शिकलो. साइट सुरू झाली, स्मिताने नगरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं. साइट जराही अडखळली नाही. मी पेढे वाटले!

रविवारी गाड्या आल्या, आणि येतच राहिल्या. आबा फाटकाशी माणसं मोजत होते. शहाण्णववर थांबले.

"जावईबापू, तुमच्या भाषेत तीस म्हंजी किती?"

मी खुलासा केला. सगळ्यांनी एकाच क्षणी विचारलं, जागा आहे का? एकाचंही नाव लिहून होण्याआधी साइटने सगळ्यांना सांगून टाकलं, आहे. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं असतं, तेवढं मी विसरलो. (भाषेचा दोष नव्हता.)

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या वहीला पेन एकच हुतं," ते म्हणाले.

सासूबाईंनी शेजारणींना बोलावून पिठलं-भाकरीचा घाट घातला. आबांनी शेजारच्या रानातून कणसं आणली आणि मला आगटीपाशी बसवलं. चार वाजेपर्यंत मी हुरडा भाजला. भुवया करपल्या, पण उपाशी कोणी गेलं नाही.

निघताना एका पाहुण्यांनी आबांना विचारलं, वेबसाइट कोणी केली हो, त्याला आधी काढा. पण हा हुरडा भाजणारा पुढच्या वर्षी असेल ना?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाय की," ते म्हणाले. "त्याला दुसरं काय येतंय?"