श्वासातून द्यायचं औषध आणि आमची मानसी

रविवारी दुपारी आमची मुलगी मानसी पुण्याहून नाशिकरोडला घरी आली... आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, जमलं."

काय जमलं ते सांगतो. मानसी पुण्याला एका लॅबमध्ये संशोधन करते. दम्याच्या काही पेशंटना अँटीबॉडीचं इंजेक्शन देतात, पण ते रक्तातून सगळीकडे फिरतं आणि फुप्फुसात त्यातलं थोडंच पोचतं. तीच अँटीबॉडी मशीननं बारीक फवारा करून, श्वासातून थेट फुप्फुसात देता येईल का, यावर तिचं काम चालू आहे.

ऐकायला सोपं वाटतं... पण अँटीबॉडी म्हणजे भलतीच नाजूक गोष्ट. फवारा केला की गुठळ्या व्हायच्या, सगळं वाया. फोनवर तिच्या नुसत्या 'हॅलो'वरून आम्हाला कळायचं, आजही फसलं.

या वेळी मात्र फवाऱ्यातूनही अँटीबॉडी शाबूत राहिली. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, मला यातलं निम्मं कळत नाही. तरी शेजारी जाऊन सांगून आलो.

परत आलो तर माझी बायको सुनीता मेथी निवडत बसली होती. तिचा दमा जुना आणि हट्टी... हेच इंजेक्शन तीही घेते. हिवाळ्यात तर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिनं हळूच विचारलं, "मग मला कधी मिळेल गं हे?"

मला वाटलं, मानसी 'लवकरच' म्हणेल. मी असतो तर तेच म्हणालो असतो. ती आईशेजारी खाली बसली.

"आई, खरं सांगू? हे आत्ता फक्त लॅबमध्ये जमलंय. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या. वर्षं जातील. मधेच कुठे अडेलही... तुला मिळेलच, असं नाही सांगता येत."

सुनीतानं हातातली काडी निवडून बाजूला ठेवली.

"बरं," सुनीता म्हणाली. "मग घाई करू नकोस. कुणाच्या तरी छातीत जाणार आहे ते. माझ्यापायी एकही चाचणी गाळायची नाही."

मानसीनं मान हलवली आणि पुढ्यातली मेथीची जुडी ओढून घेतली. दोघी निवडत बसल्या... मी नुसता बघत राहिलो.

पोरगी कुणावर गेली, असं नातेवाईक नेहमी विचारतात. आजवर मी बिनधास्त 'माझ्यावर' म्हणायचो... आता नाही म्हणणार.