आकिनेतीचा माड

आमच्या ओनोतोआ बेटावर नीरा काढणं हे बाप्यांचं काम. पहाटे आणि सांजेला माडावर चढायचं, पोयीचं, म्हणजे माडाच्या मिटलेल्या फुलोऱ्याचं, टोक कोयत्यानं छाटायचं, खाली करवंटी बांधायची. आणि वर आहोत तोवर मोठ्यानं गात राहायचं. खाली आडोशाला कुणी बाई अंघोळ करत असेल, तर तिला कळायला नको का, की डोक्यावर माणूस आहे?

माझा बाप होडीसकट समुद्रात गेला तेव्हा आम्ही चार पोरं होतो. महिन्याभरात आईनं, आकिनेतीनं, त्याचा कोयता कमरेला खोचला आणि दारातल्या आमच्या एकुलत्या माडावर चढली. म्हाताऱ्यांनी तिला चावडीत बोलावलं. बाईनं माड चढू नये, म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्यापास्नं माज्या पोरांसाठी रोज दोन वक्त कोण चढणार? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. ती उठून निघाली, कारण सांजेची वेळ झाली होती.

गाणीही तिची तिची. बाप्ये आपल्या होडीची नाहीतर आपल्या मर्दुमकीची गातात. आई शेजाऱ्यांची गायची. कुणी तिचं पातेलं नेऊन परत केलं नाही, कोण चर्चमध्ये घोरत होता, सगळं माडावरून. पातेलं दुपारच्या आत घरी यायचं. "माडावरनं खोटं गायचं न्हाई," म्हणायची. "सारा गाव ऐकत असतोय."

मी वीस-बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर चाकरी करून कायमचा परतलो, तेव्हा ती बहात्तरची होती आणि अजून चढत होती.

"आये, आता मी चढतो."

"तुला शिडी लागंल."

खरंच होतं. तिसऱ्याच खाचेवर मी माडाला मिठी मारून अडकलो. ती खाली उभी राहून हसली, मग कंबर कसून माझ्या बाजूनं वर गेली.

एकदा चावडीत तियोती, माझा लहानपणचा सोबती, सगळ्यांसमोर म्हणाला, "मिकाएरे, नशीबवान हायस लेका. आईचं दूध सुटलं, पण नीरा काय सुटंना!"

अख्खी चावडी हसली. मीही हसलो.

त्या रविवारी ती चर्चला गेली असताना मी माड तोडला.

ती आली. पांढरा झगा सावरत झावळ्यांत वाकली, त्यातली कोवळी पोय उचलली. "उद्याच बांधायची हुती ही," म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "पडंन म्हणून तोडलास, का लोक हसत्यात म्हणून?"

"पडशील म्हणून, आये."

"तुजा बाप बी खोटं बोलताना असाच नाकाला हात लावायचा." आणि झगा बदलायला आत गेली.

त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. तियोतीची बायको नीरा आणून द्यायची, ती आई डुकराला ओतायची. "दुसऱ्यानं काढलेली मला पचत न्हाई." तोडलेल्या माडाच्या थोटकाशेजारी तिनं कोंब आलेला नारळ पुरला, मुळाशी माशांची आतडी घालायला लागली.

"ह्याला पोय यायला सहा-सात वर्षं लागतील, आये."

"मला म्हाईत हाय."

दुखणं असं काही नव्हतं. पहाटे उठायची, कोयता खोचायची, थोटकापाशी जाऊन उभी राहायची, परत यायची. गायली मात्र नाही. तिची भांडी गावात ज्याच्या त्याच्या घरी अडकून पडली. दुसऱ्या वर्षी एका सकाळी ती उठलीच नाही. कोयता उशाला होता.

यंदा तिनं लावलेल्या माडाला पहिली पोय आली. मी तियोतीला म्हटलं, शिकव. तो हसला नाही. माड अजून ठेंगणा आहे, तरी वर पोचेपर्यंत माझा घाम निघाला. कोयता तिचाच. टोक छाटलं, करवंटी बांधली.

"आता गा की!" तियोती खालून ओरडला. "बायका हायेत हितं."

जहाजावरची गाणी ढीगभर येतात मला. एकही तोंडातून फुटेना. मग जे आलं ते गायलो. माझी आई कधी पडली नसती, गावकऱ्यांनो. मला लाज वाटली, म्हणून मी माड तोडला.

 पहिला थेंब गळायला वेळ लागतो. तोवर मी वरच बसून राहिलो.