निज्मामावशीचा न धुतलेला सदरा

माझी निज्मामावशी जॉर्डनमधल्या मादबा गावात जन्मभर शिवणयंत्र चालवत आली, आणि त्याहून जास्त जीभ. तिच्या लेखी घरात एकच मोलाची चीज होती, एक पांढरा सुती सदरा. अठराव्या वर्षी, नव्या नवरीच्या थाटात, तो अंगात घालून तिने, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या मग्तसच्या घाटावर, जॉर्डन नदीत तीन बुड्या मारल्या होत्या. असा सदरा आमच्यात धूत नाहीत, धुतला की नदीचं पुण्य जातं. तसाच वाळवून ठेवतात आणि मेल्यावर अंगावर चढवतात. पुढच्याच वर्षी लढाई झाली, सैन्याने काठ बंद केला, आणि मावशीचा भाव वधारला. ती पाहुण्यांना कॉफीआधी सदरा दाखवायची.

पन्नास वर्षं तो पत्र्याच्या पेटीत सुखात राहिला. मग सून आली. रंदा अम्मानची, शहरातली, गुणी पोर. ईस्टरच्या साफसफाईत तिने पेटी उघडली, सदऱ्यावर चिखलाचे डाग पाहिले, आणि सासूबाई खूश होतील म्हणून तो यंत्रात धुतला, नीळ दिली, कडक इस्त्री करून तिच्या उशाशी ठेवला.

मावशी ओरडली नाही, तेच वाईट. दीड महिना ती रंदाशी चकार शब्द बोलली नाही. रंदा समोर बसलेली असताना मला सांगायची, "तिला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." रंदा रडून रडून अर्धी झाली. माझा दोघींसाठी जीव तुटायचा, पण मावशीसाठी जरा जास्त. आता देवापुढे उघड्याने जावं लागणार, अशी तिला खरीच भीती बसली होती.

शेवटी रंदाच माझ्याकडे आली. "दादा, काठ आता उघडलाय ना? न्या की त्यांना."

नेलं. नदी आटून ओढ्याएवढी उरलेली, पाणी गढूळ. मावशीने सदरा छातीशी धरून लाकडी पायऱ्यांकडे पाहिलं आणि बाकावर बसली. तिच्या गुडघ्यांना तीन पायऱ्या झेपायच्या. इथे बारा होत्या.

"मी उचलून नेतो," मी म्हटलं.

"तू आधी स्वतःचं पोट उचल."

रंदा हळूच म्हणाली, "आत्याबाई, द्या इकडे. मी बुडवून आणते."

"नुसता बुडवायला ते काय फडकं आहे?" दीड महिन्यात मावशी पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली. "अंगात घालून बुडावं लागतं."

"पण जो घालतो त्याचाच होतो ना तो?" रंदाने विचारलं.

आमच्याकडे तसंच मानतात. मावशीने सदरा आणखी घट्ट धरला. मला वाटलं, आता परत फिरायचं. पण ती उठली, स्वतःच्या हाताने तिने तो सदरा रंदाच्या कपड्यांवरून घातला आणि एकेक बटण लावलं.

"तीन बुड्या. नाक धर. आणि वर आल्यावर पिळू नकोस."

रंदा बुडून वर आली तेव्हा केसांत काडीकचरा आणि चेहऱ्यावर भीती. "आता हा कुणाचा, आत्याबाई?"

"जी आधी जाईल तिचा," मावशी म्हणाली. "पण नंबर माझा पहिला आहे, मध्ये घुसू नकोस."

येताना गाडीत मागे बसून दोघींनी एकेक बाही धरली आणि सदरा खिडकीच्या वाऱ्यावर वाळवला. मिठावरून भांडण तिथेच सुरू झालं.

दोन हिवाळ्यांनी मावशी गेली. नातेवाईक बायका पुढे आल्या, पण रंदाने कुणाला हात लावू दिला नाही. पेटीतून सदरा काढला, मावशीच्या अंगात घातला आणि बटणं लावता लावता तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "पिळला नाही हं, आत्याबाई."