टाकीच्या आधीचा दगड

आमच्या मंत्रीसाहेबांची कारकीर्द मला एका पाथरवटाने समजावली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घराची पाटी करून घ्यायला मी वागळे इस्टेटमध्ये त्याच्या गाळ्यावर गेलेलो. भुवयांवर संगमरवराची पांढरी धूळ, आणि अक्षर कोरून झालं की फुंकर मारून मान तिरकी करून बघायची सवय. समोर कोनशिला होती: दिवा उपनगरातल्या पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, साहेबांच्या शुभहस्ते.

"तिसऱ्यांदा आलाय हा दगड," तो म्हणाला. "पहिल्यांदा साहेब नगरसेवक होते. मग आमदार झाले, परत भूमिपूजन. आता कॅबिनेट मंत्री. दरवेळी त्यांची माणसं दगड उखडून आणतात. मी सगळं घासून नव्याने कोरतो. मजकूर तोच, फक्त पद बदलतं."

"आणि टाकी?"

"ती कशाला बदलेल? अजून बांधलीच नाय."

"साहेबांनी प्रगती मात्र भरपूर केली," मी म्हणालो.

"केली ना! दगड चार बोटं जाड होता, आता दोनच बोटं उरलाय."

ओल्या फडक्याने त्याने साहेबांचं नाव लख्ख पुसलं आणि फडकं जपून बादलीत पिळलं. थेंबभरही पाणी बाहेर सांडलं नाही.

"राहता कुठे?" मी विचारलं.

"दिव्यालाच. रोज इथूनच दोन कॅन भरून नेतो." मग त्याने काळजीने दगडाच्या कडेवर बोट फिरवलं. "साहेब अजून वर गेले, तर हा काय टिकायचा नाय."