पहिल्या पाच मिनिटांची ठकठक

नागपूरहून जबलपूरला जायचे तर इटारसीवरून मोठ्या लाईनने जावे, असे सगळे सांगतात. मीही जबलपूरला मोटर विकायला काढलेल्या वासुदेवरावांना पत्रात तसेच कळवले, आणि गोंदियाला जाऊन छोटी लाईन पकडली. जुनी मोटर विकणाऱ्याला आपण कुठून येतो हे कळू देऊ नये, हा माझा एक नियम. दुसरा नियम असा की, सौदा होईपर्यंत त्याच्या घरचे पाणीही प्यायचे नाही.

हा दुसरा नियम आमच्या गल्लीतल्या एका वकिलाने मला शिकवला. मी क्लीनरकी करून पैसे साठवले आणि पहिली लॉरी त्याच्याकडून घेतली. त्याने श्रीखंड-पुरी वाढली, आग्रह केला, आणि आवाज दाबायला गिअरपेटीत लाकडाचा भुसा भरलेली लॉरी गळ्यात मारली. उमरेडच्या रस्त्यावर तिने दम तोडला. जाब विचारला तेव्हा म्हणाला, "घेताना पाहिली होती ना?" आज माझ्या चार लॉऱ्या धावतात, पण ते श्रीखंड अजून घशाखाली उतरलेले नाही. त्याच्या दारात दोन सीटची रेसची मोटर नेऊन उभी करायची, एवढ्यासाठी हा प्रवास.

छोटी लाईन सातपुड्यातून बैलगाडीच्या चालीने जाते. नैनपूरला ती इतकी रेंगाळली की मी फलाटावर बसून दाढी करून घेतली. मग साग, मोहाची झाडे, आणि एकदम खाली नर्मदा. डब्यातले सगळे "नर्मदे हर" म्हणत खिडक्यांकडे धावले, पाण्यात पैसे पडू लागले. मीही एक टाकला. तिथे घासाघीस करता येत नाही.

शहरात उतरल्यावर आधी खोव्याची जलेबी (खव्याची, काळपट, जाड वेढ्यांची) पोटभर खाल्ली, म्हणजे कुणाच्या आग्रहाला बळी पडायला नको. मग टांगा करून दीक्षितपुरा गाठला. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटर आत कशी शिरली असेल याचेच कुतूहल वाटले. दारावर पाटी होती: वासुदेवरावही वकीलच!

मोटर अंगणात होती. लांब नाक, त्यावर आवळलेला चामड्याचा पट्टा, उघडी सीट. विलायतेला परतताना एका कॅप्टनने ती विकली होती. मी कुणाला हाक न मारता बॉनेटवर हात ठेवला. गरम!

माझे डोके त्याहून तापले. थंड इंजिनाचा दोष लपवायचा असला की गिऱ्हाईक यायच्या आत ते तापवून ठेवतात.

"वकीलसाहेब! सकाळपासून इंजिन शेकत बसलात का?"

वासुदेवराव धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी, माई.

"काहून ओरडून राहिले हो?" माई म्हणाल्या. "तुम्हालेच घ्यायला मोटर घेऊन ठेसनवर गेले होते हे. दोन गाड्या पाहून वापस आले. तुम्ही कुठून टपकले?"

माझा विश्वास बसला नाही.

"अच्छा, चला, पान वाढलं आहे," वासुदेवराव म्हणाले. "जेवल्याशिवाय आमच्या घरी मोलभावाची गोष्ट होत नाही."

"आणि सौदा झाल्याशिवाय मी जेवत नाही."

"काहून? जहर टाकतो का आम्ही?" माई कडाडल्या. "आणि हिच्यासाठी एवढा नखरा? दोन खेपा पोट फाडलं हिचं. एका खेपेला तर आतला दांडा कूस फोडून बाहेर आला. न्या बापा एकदाची, मले सांडगे वाळवाले जागा होईल."

वासुदेवरावांनी कपाळाला हात लावला. मी बॉनेट उघडले. इंजिनाच्या कुशीवर खरोखरच पितळी ठिगळ होते, स्क्रूंनी आवळलेले. त्यावरून मी कितीतरी वेळ बोट फिरवले. काम देखणे होते.

"दुसऱ्या खेपेला पिस्टन नवे टाकले," वासुदेवराव म्हणाले. "जरा सैल बसले आहेत. थंड असताना पहिली पाच मिनिटं ठकठक करते. तापली की चूप."

"थंड झाल्यावर पाहू."

ते मला उपाशी बाहेर सोडेनात, मी आत शिरेना. शेवटी माईंनीच तोड काढली. "नर्मदाजीचा घाट कुणाचं घर नाही. तिथं जेवा आणि तिथंच भांडा."

मोटरीत आम्ही दोघे, मागून टांग्यात माई आणि डबे. तिलवारा घाटावर झाडाखाली मोटर उभी केली आणि वाळूत जेवलो: भरली वांगी, भाकरी, वर कढी. इंजिन थंड होईपर्यंत किमतीवरून असा कडाक्याचा वाद घातला की दोन नावाडी वल्ही टाकून ऐकायला आले. ऊन उतरले तेव्हा बॉनेटवर हात ठेवला. पाण्यासारखे गार. हँडल मारले.

ठक, ठक, ठक. मी घड्याळ धरून उभा राहिलो. पाच मिनिटे होत आली आणि आवाज विरला. उरली ती नुसती गुरगुर.

"सांगितलं होतं," वासुदेवराव म्हणाले.

"यांना झूठ जमत नाही," माई म्हणाल्या. "म्हणून तर वकिली चालत नाही."

मी शेवटचा आकडा सांगितला. त्यांनी होकार दिला. शिवनीच्या रस्त्याने नागपूर गाठेपर्यंत मोटर एकदाही रुसली नाही.

जेवणाचा माझा नियम अजून कायम आहे, फक्त नदीचा काठ त्यातून वगळला आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर मुद्दामच थंडगार असताना सुरू केली आणि गल्लीतल्या त्या वकिलाच्या दारात नेऊन उभी केली. तो हसत बाहेर आला, कान देऊन ऐकू लागला.

"ठकठक येते की हो! फसलात वाटतं पुन्हा?"

"पाच मिनिटं येते. विकणाऱ्यानंच सांगितलं होतं."

"मग घेतलीत कशाला?"

"त्यानं सांगितलं म्हणून."

तो आत वळला. मी मात्र आवाज थांबेपर्यंत त्याच्या दारातच उभा राहिलो.