आदुसेई मामाची रंगीत तालीम

अमोआकोला दिग्दर्शक म्हणायला कॉलेजात कुणाची हरकत नव्हती, कारण त्याने दुसरं काही म्हणूच दिलं नव्हतं. फिल्म वीस मिनिटांची, पण ऐट केवढी! गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडी एकच शब्द, वास्तव. "मला वास्तव पाहिजे," असं तो दारात भात-चवळी विकणाऱ्या बाईलाही सुनवायचा. ती म्हणायची, "आधी मागचे पैसे दे."

आता उरला होता शेवटचा प्रसंग, एका म्हाताऱ्याची मयत. सोमवारी फिल्म दिली नाही तर वर्ष वाया. आणि मढं होणाऱ्या नटाने ऐन वेळी पाय मागे घेतला. मढ्याच्या पलंगावर जिवंतपणी झोपलो तर आई घरात घेणार नाही, म्हणाला.

तेव्हा कुठे अमोआकोला मामा आठवला.

आदुसेई मामा म्हणजे ट्रकांवर अक्षरं रंगवणारा माणूस. अर्ध्या कुमासी शहराच्या गाड्या त्याचं अक्षर पाठीवर घेऊन फिरतात. आपल्याकडे पोर आईच्या कुळाचं, म्हणून अमोआकोला शाळेत घातलं तेही मामानेच. दोन वर्षांपूर्वी मामाचे पाय गेले आणि तो बांतामा वस्तीतल्या खोलीत पडून राहिला. शेजारीण जेवण ठेवून जाते. बाकी कुणी फिरकत नाही, भाचासुद्धा नाही.

"मढ्याला काही बोलावं लागतं का रे?" मामाने विचारलं.

"छे! नुसतं पडून राहायचं."

"मग दोन वर्षं सरावच चाललाय की. करतो."

मयत म्हटली की आधी पोस्टर लागतं. अमोआकोने मामाचा खरा फोटो छापला, खाली खरं नाव, जागा, वार, सगळं खरं. कॅमेरा धरणारी डुफी म्हणाली, "अरे, नाव तरी बदल!" तर हा म्हणतो, "वास्तवात खोटं नाव नसतं." गुरुवारी चौकातल्या भिंतीवर ते चिकटवून शॉट घेतला, आणि शनिवारी पुन्हा लागेल म्हणून तसंच ठेवलं. आता या शहाण्याला कोण सांगणार! आपली माणसं पेपर वाचत नसतील, पण मयतीचं पोस्टर धावत्या गाडीतून वाचतात. आणि शनिवार तर मयतीचाच वार.

शनिवारी सकाळी मांडव पडला. उचलून आणलेला मामा पितळी पलंगावर केंटेचं भारी वस्त्र पांघरून आडवा झाला. रडायला बोलावलेल्या वर्गमित्रांपैकी तिघे उगवले, त्यातला एक सारखा हसत होता. अमोआको डोकं धरून बसला. एवढ्यात एक बस थांबली आणि सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली माणसं हंबरडा फोडत उतरायला लागली.

"ही कुठून आणलीस?" डुफी चाट पडली.

अमोआकोने चष्मा काढला. पुढे आफ्राकोमा मावशी, मामाची सख्खी बहीण. मागे कुळाचे प्रमुख बेडियाको आजोबा.  अमोआको एक शब्द बोलला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण त्याची नजर कॅमेऱ्याकडे गेली.

"चालू ठेव," तो पुटपुटला. "असं रडणं मला कोण देणार?"

आजोबा भडकले होते, पण आदुसेई गेला म्हणून नव्हे, आपल्याला विचारलं नाही म्हणून. "मला न सांगता मयत? हे त्या आसोकोरेवाल्यांचं काम!" आसोकोरे गावचे नातलग मागेच उभे होते, त्यांना वाटत होतं हे आजोबांचं काम. त्यामुळे कुणी कुणाला फोनच केला नव्हता. मग आजोबांनी पितरांसाठी जमिनीवर दारूची धार सोडली आणि गहिवरून सांगितलं, की गेल्याच महिन्यात आपण आदुसेईचा हात हातात घेतला होता.

मढ्याची पापणी हलली.

मावशीने ऊर बडवला. "दादा रे! आता रोज फोन कुणाला करू मी?"

"कोणत्या नंबरावर करायचीस गं?" मढ्याने उठून बसत विचारलं.

अहो, काय सांगू! खुर्च्या उलटल्या, मावशीची एक चप्पल पलंगाखाली राहिली, आणि गुडघ्यांच्या दुखण्याने दोन वर्षं बांतामाला येऊ न शकणारे आजोबा रस्ता ओलांडून सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचले. भुताची भीती ओसरल्यावर मग सगळे तावातावाने परत आले.

"जिवंत होतास तर सांगायचं नाही का?" मावशी कडाडली.

"दोन वर्षं सांगत होतो. तुम्ही आला नाहीत."

 एकेक जण कपडे सावरत बसकडे वळला. मांडवात भाचा, डुफी आणि पलंगावरचा मामा उरले.

"ही खरी माणसं आहेत हे तुला कधी कळलं रे?" मामाने विचारलं.

"उतरताना."

"तरी चालू ठेवलंस."

अमोआको शिट्टीशी चाळा करत राहिला. मग चाचरत म्हणाला, "मामा, फक्त तुझ्या चेहऱ्याचा एक शॉट राहिलाय. जवळून. तेवढा दिलास तर फिल्म पुरी होईल."

 मामा स्वतःच पुन्हा आडवा झाला. "घे. तुला शाळेत मीच घातलंय. पण एक ऐक, खऱ्या वेळेला येऊ नकोस. तुझं आज उरकलं."

त्याने डोळे मिटले. डुफीने कॅमेरा जवळ नेला आणि लगेच मान वर केली. "नाही चालणार. मढ्याच्या डोळ्यातून पाणी येतंय."

"पूस ना मग."

"मामा तुझा आहे," डुफी म्हणाली.

अमोआकोने शर्टाच्या बाहीने ते पुसलं. पुन्हा आलं. पुन्हा पुसलं. डुफीने कॅमेरा बंद करून पिशवीत घातला तरी तो पुसतच होता.