इंग्लिश ओन्ली, प्लीज

"ह्यो आमच्या गावचा हाय रं. म्हारवाड्यातला."

ही ओळ पडद्यावर आली तेव्हा मी पत्ते वाटत होतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. पुढे हसण्याची खूण. मी कॅमेऱ्यात बघितलं, हसलो आणि मला शिकवलेलं वाक्य म्हटलं, "सॉरी सर, इंग्लिश ओन्ली, प्लीज."

जात काढली त्याने. सॉरी म्हटलं मी.

मी गडमुडशिंगीचा. बी.कॉम. दोन हजारनंतरची ती वर्षं. कोल्हापुरात एका दुकानात हिशेब लिहायचो. लग्न झालं, तेवढ्यात भागेना. गोव्यात एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये ऑनलाइन कॅसिनोची टेबलं सुरू झाली होती. आकड्यांत पक्की माणसं हवी होती. गेलो.

खेळणारे आपल्या घरी नाहीतर सायबर कॅफेत बसायचे. पत्ते वाटणारा डीलर कॅमेऱ्यासमोर. मी त्यांना दिसायचो, ऐकू यायचो. मला ते दिसत नसत. त्यांनी टाइप केलेलं तेवढं समोरच्या पडद्यावर यायचं. माझ्या छातीवर नावाची पट्टी होती, रिकी. टेबलावर इंग्रजीच बोलायचं, म्हणजे खेळणारा आणि डीलर आपसात काही ठरवणार नाहीत. दुसऱ्या भाषेत कुणी लिहिलं की ते सॉरीचं वाक्य. आणि टेबल सोडताना दोन्ही तळवे कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवायचे. काही चोरलं नाही याचा पुरावा.

नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून मी पाळला. एकदा कुणीतरी हिंदीत लिहिलं, "भैया, गलत बटन दब गया, क्या करूं?" काय करायचं ते मला माहीत होतं. तेवढं हिंदी मला येत होतं. तरी सॉरी म्हटलं. बिचाऱ्याचा डाव गेला. तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण पगार वेळेवर मिळत होता.

मग हे दोघे आले, म्हारवाड्याची ती ओळ लिहिणारे. एकाने नावाच्या जागी 'धाकलं मालक' लिहिलं होतं. गावात ऊस वाहतुकीच्या ठेकेदाराच्या मुलाला सगळे हेच म्हणायचे. माझ्या बापाने त्यांच्या अड्ड्यावर उभा जन्म मोळ्या भरल्या. दुसरा त्याचा दोस्त. दोघे कोल्हापुरातल्या कुठल्यातरी कॅफेत शेजारी-शेजारी बसून खेळत असणार.

"बरं हाय की, काचंमागनं वाटतंय. हातातनं घ्यावं लागत न्हाय."

"सॉरी सर, इंग्लिश ओन्ली, प्लीज."

"बघ, काय बी लिव, सॉरीच म्हणतंय."

त्यांना खेळ सापडला. पत्ते बाजूलाच राहिले. शिवी लिहायची, माझं सॉरी ऐकायचं, हसण्याच्या खुणा टाकायच्या. मग आलं, "आता ह्येच्या बापाचं नाव लिवतो, बघ." आणि लिहिलं. नाव, नावापुढे जात, जातीपुढे शिवी. टेबलावर आणखी चार जण खेळत होते. त्यांच्यासमोर.

मी सॉरी म्हटलं. हसून म्हटलं. न हसल्याची नोंद व्हायची.

पाळी संपल्यावर सुपरवायझरकडे गेलो. तो पुण्याचा. घरात मराठी, ऑफिसात फाडफाड इंग्रजी. त्याने सगळ्या ओळी वाचल्या. वाचताना त्याला हसू आलं. ते त्याने आवरलं, पण मी बघितलं.

म्हणाला, "अरे, रिकीला मराठी येतच नाही ना? मग रिकीला लागलं कुठे?"

मी म्हणालो, "मला येते, सर."

"तू टेबलावर नसतोस. रिकी असतो. आणि ते मोठे खेळणारे आहेत. मनाला लावून घेऊ नकोस."

खोलीवर जाऊन मी त्या नियमाचा विचार केला. नियम फसवाफसवी थांबवण्यासाठी होता. इथं फसवाफसवी कुठे होती? शिवी देणाऱ्याला भाषेची मोकळीक होती. बंदी फक्त शिवी खाणाऱ्याला. आणि ज्याला ती शिवी नीट वाचता येत होती, तो नियमावर बोट ठेवून खुर्चीत बसला होता. त्याला मराठी हसण्यापुरती येत होती. न्याय करताना येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला ते पुन्हा आले.

"काय रिकीसायब, बा कसा हाय?"

मी पत्ते खाली ठेवले. कॅमेऱ्यात सरळ बघितलं. हसलो नाही.

"व्हय, मी मुडशिंगीचा हाय. बौद्धवाड्यातला. तुमी लिवलेलं समदं मला कळतंय, पयल्या ओळीपास्नं. माझ्या हातची पानं चालत नसतील तर तुमी उठा हितनं. मी सॉरी म्हणनार न्हाय."

मग कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. सुपरवायझर धावत आला.

"कॅमेरा परत सुरू करतो. माफी माग. इंग्लिशमध्ये."

"कशाची?"

"नियम मोडल्याची."

"नियमाचा दंड पगारातून कापा. माफी नाही."

"मग नोकरी नाही."

मी गड्डी मोजली. पुरी बावन्न पानं. ओळीत लावली, छातीवरची पट्टी काढून त्यावर ठेवली. तो म्हणाला, "हात दाखव." मी हात दाखवले नाहीत. पत्ते समोर होते, मोजायचे तर त्याने मोजावेत.

घरी आलो तेव्हा बायको दारात होती. सगळं ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "तुमच्या आबांचं नाव घेऊन शिव्या देत हुते आनि तुमी हसत हुता?" मग म्हणाली, "बरं केलं आलासा. बघू आता कसं करायचं ते." बघणं सोपं नव्हतं. दुकानातली जागा भरली होती. काही महिने मी गुऱ्हाळावर वजनकाट्याला बसलो.

गावच्या स्टँडवर चहाची टपरी आहे. तिथं एक लांब बाक. सकाळी धाकलं मालक तिथं बसतात. गोव्याहून आल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्याने म्हणाले, "काय पावणं, सॉरी सर न्हाय का आज?" बाकावरची माणसं हसली. त्यांत माझ्यासोबत शाळेत बसलेलेही होते.

मी म्हणालो, "पडद्यावर लिवलेलं हितं तोंडावर बोला. समद्यांफुडं. मग पोलीस चौकीत जाऊ."

बोलले नाहीत. माफीही मागितली नाही. आज इतकी वर्षं झाली, अजून मागितलेली नाही.

कामाला जाण्याआधी मी रोज तिथंच चहा पितो. त्याच बाकावर, त्यांच्या शेजारी. त्यांना माझ्या शेजारी बसणं जड जात असेल तर त्यांनी उठावं. मी उठणार नाही.